पाटल्यांचा आवाज

2021च्या मे महिन्यात आम्ही नाट्यवर्गातला एक प्रवेश ऑनलाइन बसवत होतो. दोन बहिणी, आई जाऊन महिना झालेला, आणि आईच्या दोन पाटल्या. थोरली करणारी डोंबिवलीत, धाकटी करणारी लातुरात आणि दिग्दर्शक मी पुण्यात, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या लॅपटॉपसमोर. टाळेबंदीआधी वर्गात हा प्रवेश आम्ही कितीतरी वेळा केला होता. तिथे थोरली पाटल्या धाकटीच्या हातात ठेवते, धाकटी मूठ उघडत नाही, आणि त्या न उघडलेल्या मुठीवर सगळा प्रवेश फिरतो. ऑनलाइन ठेवणार कुठे? सगळ्यांना आधी सुचतं तेच आम्हालाही सुचलं. बेंटेक्सच्या सारख्या दिसणाऱ्या दोन जोड्या आणायच्या, एकीने चौकटीच्या उजव्या कडेबाहेर हात न्यायचा, दुसरीने डाव्या कडेने आत आणायचा. करून पाहिलं. गणेशोत्सवातल्या जादूच्या प्रयोगासारखं दिसलं. पाटल्या पलीकडे पोचल्याचंच कौतुक, बहिणी राहिल्या बाजूला.

मग देणं-घेणं काढूनच टाकलं. पाटल्या थोरलीकडेच. बोलता बोलता ती त्या चौकटीच्या खाली हातात फिरवते; धाकटीला दिसत काहीच नाही, नुसती किणकिण ऐकू येते. कागदावर झकास. तालमीत धाकटी ढिम्म. मी वैतागून म्हणाले, "अगं, आवाज ऐक ना!" ती म्हणाली, "ताई, कसला आवाज?" तिला तो येतच नव्हता. मीटिंगचं अ‍ॅप त्या किणकिणीला गोंगाट समजून गाळून टाकत होतं. माणसाचं बोलणं ठेवायचं, बाकीचं पुसायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. पंख्याची घरघर आणि आईच्या पाटल्या त्याच्या लेखी एकच. सेटिंगमध्ये धुंडाळून ती गाळणी बंद केली तेव्हा पाटल्या वाजल्या, आणि धाकटीचा चेहरा असा काही बदलला की वर्गात तो तसा कधी बदललाच नव्हता.

हे सांगायचं कारण, ऑनलाइन नाटकाचा निकाल आपण आता एका वाक्यात लावून टाकतो: "ते काय, लॉकडाउनपुरतं होतं." 2020च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातली नाट्यगृहं बंद झाली. 5 नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी रंगभूमी दिनाच्या दिवशी, निम्म्या खुर्च्यांची परवानगी मिळाली. पुढच्या एप्रिलात पुन्हा कुलूप, आणि 22 ऑक्टोबर 2021ला पुन्हा निम्म्या खुर्च्या. मधल्या काळात मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर जे जे झालं ते आपण उरलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांसोबत माळ्यावर टाकलं. त्यातलं बरंचसं माळ्यावरच शोभतं, हे मलाही मान्य आहे. पण त्याबरोबर एक कामाची गोष्ट गेली. नाट्यवर्गात प्रवेश बसवताना नटाला जे शिकवलं जातं, त्याची गरज मोठ्या रंगमंचापेक्षाही या चौकोनात जास्त असते. ऑनलाइन प्रयोग पडले ते कॅमेऱ्यामुळे पडले असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. नट घरात होते, शिक्षण वर्गात विसरून आले होते.

वर्गातला प्रवेश म्हणजे नाटकाचा तुकडा पाठ करून सरांना दाखवणं, अशी बाहेर समजूत असते. (आतही असते, पण ते जाऊ द्या.) प्रत्यक्षात दोन मुलं, आठ-दहा पानांची संहिता, एक टेबल, दोन खुर्च्या. प्रकाशयोजना म्हणजे डोक्यावरची ट्यूबलाइट. समोर बसलेल्या वर्गमित्रांनी तोच प्रवेश आठ वेळा पाहिलेला, त्यामुळे विनोदाला कुणी हसत नाही. शिकवणारा मध्येच थांबवतो आणि दहापैकी आठ वेळा एकच सांगतो: "तू तिचं ऐकलं नाहीस. तिचं वाक्य संपायची नुसती वाट बघत होतास." न्यूयॉर्कच्या नेबरहुड प्लेहाउस या नाट्यशाळेत 1935 पासून शिकवणाऱ्या सॅनफोर्ड माइसनरने एवढ्या एका गोष्टीसाठी आख्खा व्यायाम तयार केला. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने जे दिसतंय ते बोलायचं: "तू निळा शर्ट घातलायस." दुसऱ्याने तेच परत: "मी निळा शर्ट घातलाय." पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पाच मिनिटांनी शब्द तेच राहतात. पण एकाला राग आलेला असतो, दुसरा ओशाळलेला असतो, आणि हे दोघांपैकी कुणीही ठरवून केलेलं नसतं. वाक्य माझ्यातून निघत नाही, समोरच्यामुळे निघतं, एवढं नटाच्या अंगात मुरावं म्हणून ही सगळी उठाठेव.

आता ऑनलाइनला नेमकं काय तुटतं ते बघा. दहा भाषांमधल्या रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास 2009मध्ये प्रसिद्ध झाला होता. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं, म्हणजे 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. दूरसंचाराचा आंतरराष्ट्रीय दंडक म्हणतो, आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषणाला फारशी बाधा येत नाही. फोनवर जेवणाची चौकशी करताना नसेलही येत. पण हिशेब मांडा: माझं वाक्य जायला 150, तिचं उत्तर यायला 150. दोनशेची फट पाचशेची झाली, आणि तीही नेट धड असेल तर. थोरली म्हणते, "घे ना, तुझ्याच आहेत." धाकटीने तत्काळ "हो" म्हटलं तरी थोरलीच्या कानावर ते अर्ध्या सेकंदाने पडतं. बोलण्यात अर्धा सेकंद म्हणजे काय, हे ज्याने घरात पैसे मागितले आहेत त्याला विचारा. होकारसुद्धा नकारासारखा वाटायला लागतो. त्यात थोरलीला जाणवतो तो पॉज वेगळा, धाकटीला वेगळा आणि प्रेक्षकाला तिसराच.

यावर नटांनी त्या काळात दोन उपाय केले, दोन्ही चुकीचे. काहींनी समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं सुरू केलं. दोघं एकदम बोलले की अ‍ॅप एकाचा आवाज दाबतं, त्यामुळे नेमका महत्त्वाचा शब्द गिळला जायचा. बाकीच्यांनी फट चेहऱ्याने भरली: भुवया, सुस्कारे, ओठ चावणं. छातीपासून वरचाच नट दिसतोय म्हटल्यावर सगळा अभिनय तिथेच ओतला. आणि मग आपण म्हणालो, छे, यात नाटकाची मजा नाही. नसणारच. दोन माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती. दोघंही लेन्सला स्वगतं सांगत होती.

वर्गातल्या शिक्षणातून तिसरी वाट निघते. माणूस ऐकतो तेव्हा समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच त्याच्या आत उत्तर तयार होत असतं. तोंड उघडणं तेवढं बाकी असतं. ते तयार होताना दिसलं तर मधला अर्धा सेकंद रिकामा राहत नाही. आम्ही त्या प्रवेशात संहितेलाच हात घातला. थोरलीची लहान लहान वाक्यं जोडून लांब केली, म्हणजे धाकटीला ऐकायला जागा मिळाली. एकमेकींचं वाक्य तोडायच्या चारपैकी तीन जागा काढल्या. उरलेली चौथी मुद्दाम ठेवली. तिथे आवाज गिळला जातो, धाकटी "काय? परत बोल," म्हणते, आणि तेच वाक्य थोरलीला दुसऱ्यांदा म्हणता येत नाही. ही जागा आम्हाला लिहिताना सुचली नव्हती. तालमीत नेटने घोळ घातला, तिथून ती मिळाली.

"पण नाटक म्हणजे समोरासमोर," हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. भरतमुनींनीही नाही घेतला. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसांसाठी मध्यम आकाराचं नाट्यगृह सांगितलंय, 64 हात लांब, 32 हात रुंद. कारणही दिलंय: याहून मोठं केलं तर उच्चार बेसूर होतील आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतील. निम्मी लांबी रंगमंचाकडे आणि त्यामागच्या भागाकडे जाते, म्हणजे शेवटचा प्रेक्षक फार तर 32 हातांवर, पन्नास फुटांच्या आत. ज्यांनी हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून माइकवर चाललेलं नाटक पाहिलंय त्यांनी सांगावं, जवळ काय आहे आणि लांब काय. आपली प्रायोगिक रंगभूमी तर शब्दशः शाळेत वाढली. 1974 पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले, तेव्हा तिथला प्रेक्षक नटाला जवळजवळ हात लावू शकेल इतका जवळ होता. त्या जवळिकीला लागणारा अभिनय आणि वर्गातल्या प्रवेशाचा अभिनय एकाच कुळातले. पडद्याचा चौकोनही त्याच कुळातला धाकटा, जरा आडमुठा भाऊ आहे.

या दाव्याला दोन प्रयोगांचा आधार घेते, दोन्ही 2020चे. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरसाठी रिचर्ड नेल्सन यांनी एप्रिलच्या अखेरीस एक नाटक थेट दाखवलं. टाळेबंदीत एका कुटुंबातली भावंडं व्हिडिओ कॉलवर जमतात, एवढीच गोष्ट. घटना जवळजवळ नाहीच. पण यातले बहुतेक नट 2010 पासून त्याच कुटुंबाची नाटकं करत आले होते. एक बोलत असताना बाकीच्या चौकोनांमध्ये काय चाललंय ते बघण्यासारखं होतं. कुणी मान हलवतंय, कुणी ग्लास उचलून तसाच धरून बसलंय, कुणाला पुढचं वाक्य कुठे जाणार हे आधीच कळलंय. तारेतून पलीकडे गेलं ते दहा वर्षांचं ऐकणं. दुसरा प्रयोग लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहाचा. क्लेअर फॉय आणि मॅट स्मिथ, दोघांचंच नाटक, रिकाम्या नाट्यगृहातून थेट प्रक्षेपित. दोघांत दोन मीटरचं अंतर, जोडीदाराला स्पर्श नाही, पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी. तिकिटं प्रत्येक प्रयोगाला मोजकीच. चौकटीला अमर्याद प्रेक्षक बसू शकतात हे माहीत असूनही त्यांनी प्रेक्षकसंख्येची मर्यादा स्वतःहून घातली, ही गोष्ट मला नाटकाइतकीच आवडली. ‘हाउसफुल्ल’ लागू शकतो तिथे प्रयोग असतो. नाहीतर ते नुसतं उपलब्ध असणं.

आपल्याकडे हृषिकेश जोशी यांनी त्याच वर्षी जुलैत ‘मोगरा’ केलं आणि त्या प्रकाराला ‘नेटक’ असं वेगळं नाव दिलं. वंदना गुप्ते, स्पृहा जोशी अशा अभिनेत्री आपापल्या घरातून, थेट, तिकीट लावून. नाव वेगळं देण्यात शहाणपण होतं. हे नाटकाचं गरीब भावंड आहे, सांभाळून घ्या, अशी विनवणी त्यात नव्हती. उलट नाट्यवाचनालाच ‘ऑनलाइन नाटक’ म्हणून खपवण्याची जी लाट आली तिने या सगळ्याचं नुकसान केलं. वाचनात काही वाईट नाही, आकाशवाणीच्या श्रुतिकांनी मराठी कान घडवला आहे. पण वाचन असेल तर जाहिरातीत वाचन म्हणा. नजर कागदावर, कागद चौकटीच्या खाली, आणि प्रेक्षकाला दिसतात त्या मिटलेल्या पापण्या: याला प्रयोग म्हणवत नाही.

नजरेचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण वर्गात सगळ्यात जास्त वेळ यावर गेला. चौकोनात नट कुणाकडे बघतो? लेन्सकडे बघितलं तर प्रेक्षकाला वाटतं माझ्याशी बोलतोय, पण नटाला जोडीदार दिसत नाही. जोडीदाराकडे बघितलं तर प्रेक्षकाला वाटतं हा खाली काहीतरी वाचतोय. आम्ही जोडीदाराची खिडकी लहान करून लेन्सच्या बरोबर खाली ओढली. नजर पुरती जुळत नाही, पण बोटभर अंतर उरतं, आणि ते चालून जातं. याहून मोठा शत्रू म्हणजे स्वतःचीच खिडकी. आरशासमोर सराव करू नका, आरसा आतलं बघायचं सोडून बाहेरचं बघायला शिकवतो, असं रशियन दिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्की विद्यार्थ्यांना बजावत असत. इथे तर अख्खा प्रयोग आरशासमोर. माझ्या दोघींना मी स्वतःची खिडकी लपवायला सांगितली. थोरलीने लपवली. धाकटी आठवडाभर टाळत राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, मागे भिंतीवर ओल आलीय. ती फ्रेममध्ये येतेय का, तेवढंच बघत असते मी."

या वाक्यावर मात्र मला उत्तर नव्हतं, आणि ऑनलाइनविरुद्धचा खरा आक्षेप मी इथेच मानते. समोरासमोरपणाचा नाही, या ओलीचा. वर्गाची फरशी सगळ्यांना सारखी असते. बिल्डरच्या मुलाला आणि रसवंतीवाल्याच्या मुलीला तीच ट्यूबलाइट, तीच डगमगती खुर्ची. घराघरांतून प्रवेश करायला लावला की कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट येतं, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर मुलीने रात्री साडेनवाला "तू मला कधी बहीण मानलंच नाहीस!" असं ओरडायचं कुठे? धाकटीने ते वाक्य पूर्ण आवाजात पहिल्यांदा म्हटलं ते प्रयोगाच्या दिवशी. तोवर ती ते दबक्या आवाजात म्हणायची. पलीकडे आजोबा झोपलेले असायचे. दबकं म्हटलेलंच जास्त चांगलं होतं, पण ते माझं दिग्दर्शकाचं नशीब. त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

म्हणून ‘घरूनच करा’ ही टाळेबंदीतली अट आता सोडायला हवी. ऑनलाइन प्रयोग म्हणजे घरातून केलेला प्रयोग, हे समीकरण साथीचं होतं, माध्यमाचं नाही. दोन नटांना दोन गावांत दोन शांत खोल्या मिळाल्या की झालं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, यांच्यात एकेक खोली यासाठी राखणं अवघड नाही. तालुक्याच्या गावात अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, आणि त्यातल्या अनेकांचं सभागृह वर्षातून दोन व्याख्यानमाला सोडल्या तर झाडण्यापुरतंच उघडतं. एक टेबल, दोन दिवे, तारेचं इंटरनेट. कॅमेरा महागडा लागत नाही; आवाज चांगला लागतो.

आणि अभ्यासक्रमात? ‘डिजिटल माध्यमासाठी अभिनय’ असा एखादा भारदस्त पेपर काढून त्यात कॅमेऱ्याचे कोन शिकवले तर मला काही मिळालं असं वाटणार नाही. तो चित्रपटाचा विषय आहे, तिथे रीटेक असतो. मला हवंय ते साधं: दुसऱ्या वर्षाला वर्गात बसलेला एक प्रवेश, तोच, त्याच जोडीने, सत्राच्या शेवटी दोन वेगळ्या खोल्यांतून, थेट, अनोळखी प्रेक्षकांसमोर करायचा. काय तुटलं ते बघायचं, आणि पुन्हा वर्गात येऊन करायचा. माझा अनुभव असा की ती तिसरी वेळ पहिलीपेक्षा वेगळी होते. वर्ग उघडल्यावर आमच्या दोघींनी पाटल्यांचा प्रवेश पुन्हा समोरासमोर केला तेव्हा थोरलीने पाटल्या पुढे केल्याच नाहीत. ओच्यात धरून नुसत्या वाजवल्या. धाकटी तीन फुटांवर होती आणि तिने तिकडे पाहिलं नाही. उघडायला मूठच नव्हती, तरी प्रवेश फिरला.

प्रेक्षकांचं म्हणाल तर आमच्या प्रयोगाला तीसेक खिडक्या होत्या. पुण्यात रविवारी संध्याकाळी साडेसात म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीला सकाळचे दहा, त्यामुळे चारपाच जण तिथले, चहा घेत बसलेले. हशा ऐकू येत नव्हता, सगळे म्यूट. रंगमंचावरच्या नटाला याचा फार त्रास होतो. हशा धरायची सवय असते, तो आला नाही की पायाखालची फळी सरकते. आमच्या दोघींना काहीच वाटलं नाही. न हसणाऱ्या वर्गमित्रांसमोर दोन वर्षं काढली होती. तिकीट शंभर रुपये ठेवलं होतं, आणि जमलेल्या पैशांचे तीन वाटे केले. रक्कम फार नव्हती, पण ‘ऑनलाइन आहे, फुकट असेल ना?’ या प्रश्नाला ते उत्तर होतं. फुकट दाखवलेल्याला कुणी प्रयोग मानत नाही, नटही नाही.

राहता राहिल्या स्पर्धा. राज्य नाट्यस्पर्धा 1954 पासून चालू आहे, एकांकिका स्पर्धांना तर गणती नाही. त्यात ऑनलाइन गट काढा अशी मागणी मी करणार नाही. तो निघाला तर पुढच्याच वर्षी हिरव्या पडद्यावर ताजमहाल दिसायला लागतील. माझी मागणी लहान आहे आणि ती सगळ्याच गटांना चालेल. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत वाचिक (बोलण्याचा), आंगिक (हालचालींचा) असे अभिनयाचे रकाने असतात. तिथे ‘ऐकणं’ असा एक रकाना घाला आणि दहा गुण ठेवा. पहिल्या वर्षी परीक्षकांनाच तो भरताना त्रास होईल, कारण त्यासाठी बोलत नसलेल्या नटाकडे बघावं लागतं.